ताब्याचा हिशेब

पझेशन म्हटलं की मला उलव्यातली खोली आठवते.
आठ वर्षं हप्ते, मग एका शुक्रवारी किल्ली,
आणि किल्ली हातात असूनही नळाला पाणी नाही.
टर्नओव्हर म्हटलं की कांदा-बटाटा मार्केटातला आमचा गाळा,
मार्चअखेरचा शेटचा चेहरा.
आकडा जेवढा मोठा, पेढ्याचा पुडा तेवढा जड.

म्हणून नवांग सरांनी पेन्सिल हातात दिली
तेव्हा म्हटलं, द्या, दोन्ही शब्द ओळखीचे आहेत.

तुर्भ्याचं जुनं शीतगृह. पूर्वी इथे सफरचंदं झोपायची.
आता खालच्या मजल्यावर अर्ध्या मापाचं बर्फाचं मैदान.
बाहेर छत्तीस अंश, आत मी, मफलर गुंडाळलेला मुनीम,
मांडीवर तीच आवक-जावकीची लाल वही,
रकाने तेवढे नवे आखलेले:
आली. गेली. हिसकावली.

रबराची काळी चकती, तळहाताएवढी.
मोजायला सोपी,
हलत नाही तोवर.

रविवारी ऐरोलीकरांशी सामना. तीन-चारने हरलो.
रेवती मढवीच्या नावापुढे 'गेली'च्या रकान्यात
तीन जुड्या आणि वर चार रेघा. एकोणीस.
शाल्व कर्णिकच्या नावापुढे शून्य.
शाल्वचे बाबा माझ्या खांद्यावरून वाकले,
"बघा, आकडे कधी खोटं बोलतात का?"
आकडे गप्पच होते.
बोलत होते ते बाबा.

मी डावीकडचा रकाना दाखवला.
रेवतीकडे चकती आली चौऱ्याऐंशी वेळा.
शाल्वकडे सहा,
आणि सहाही वेळा त्याने ती फळीला घासून
पुढे ढकलून दिली, नावावर चढायच्या आत.
जो गाळाच उघडत नाही
त्याची उधारी बुडत नाही, साहेब.

शिवाय त्या एकोणिसातल्या सात?
तिने पास दिला तिथे जोएल असायला हवा होता.
जोएल बुटाची नाडी बघत होता.
माल वाटेत सांडला तर तूट कोणाची,
पाठवणाऱ्याची की उतरवून घेणाऱ्याची,
यावरून आमच्याकडे गचांड्या धरल्या जातात.
वहीत मात्र एकच रेघ, पाठवणाऱ्याच्या नावे.
आणि चार गेल्या समोरच्या जाळीपाशी,
तीन जण अंगावर घेऊन आत घुसताना.
आपल्या जाळीपुढे फक्त एक.
जत्रेत पडलेला रुपया, उंबरठ्यावर पडलेला रुपया,
माझ्या पेन्सिलीला दोन्ही सारखेच.

ताब्याचंही तसंच.
घड्याळ म्हणतं, चकती जास्त वेळ आमचीच होती.
होती ना. आमच्याच जाळीमागे, दोघांच्या मध्ये,
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
भाव वाढायची वाट बघत गोदामात पडलेल्या कांद्यासारखी.
कोंब फुटतात अशाने.

एक गोष्ट सरांना सांगितलेली नाही.
चकती सुटते तेव्हा ती हातून गेली
की कुणी हिसकावली, हे ठरवायला मला
एका श्वासाइतकाच वेळ मिळतो,
आणि तो श्वास आमच्या बाजूचा असतो.
फक्त रेवतीच्या बाबतीत नसतो.
नजर सतत तिच्यामागे, त्यामुळे तिचं सगळं दिसतं.
शेजारच्या गाळ्यावरचे लोखंडे इथे बसले असते
तर एकोणिसाचे अकरा झाले असते.
किंवा सत्तावीस.

गुलमर्गला जाणाऱ्या संघाची यादी उद्या.
सगळे गेल्यावर ती आली,
स्केट्स गळ्यात, गाल लाल,
"काका, किती घालवल्या?"
मी म्हटलं, चौऱ्याऐंशी आल्या.
"ते नाही विचारलं."
एकोणीस.
"वीस," ती म्हणाली. "दुसऱ्या डावात कोपऱ्यातली एक
तुम्ही बघितली नाही. चहा पीत होतात."

मी पेन्सिल काढली.
विसावी रेघ, आडवी.
चौथी जुडी बांधली गेली.
तिने वाकून नीट बघितली
आणि मग मफलरचं लोंबणारं टोक
माझ्या वहीतून बाहेर काढून दिलं.